मरीना काही जात नाही बाई!

अहो, ऐकलंत का? जरा इकडे सरका ना, कुंपणाशी. समोरची खिडकी उघडी आहे, म्हणून हळू बोलते. इस्टेटवाल्यांची मरीना गाडी परत पासिंगला निघाली! आणखी पाच वर्षं! आणि समोरच्या साहेबांची ती उंच, चकचकीत डिझेल गाडी... ती विकायला काढलीये. मी काही इकडचं तिकडे करणारी नाही, तुम्हाला माहितीये. पण हे सगळं झालं तेव्हा मी नेमकी कुंड्यांना पाणी घालत होते. आता कान काय बंद करून घेऊ?

इस्टेटवाल्यांचं खरं आडनाव आता पोस्टमनलाही आठवत नसेल. १९९२ साली टेल्कोने ती टाटा इस्टेट काढली ना, आदल्या वर्षी सिएरा आली होती आणि मग ही, लांबलचक, मागच्या काचेपर्यंत सरळ छप्पर गेलेली. आपल्या पुण्याचीच गाडी. कोथरूडात तेव्हा घरटी स्कूटर, फार तर एखाद्याकडे मारुती, आणि यांनी थेट इस्टेट आणून दारात उभी केली. पॉवर विंडो होत्या हो तिला! गल्लीतली पोरं रांग लावून बटण दाबायची. आमचे हे म्हणाले, "बॅटरी उतरेल त्यांची." जळफळाट, दुसरं काय! आणि समोरचे साहेब, ते तेव्हा बँकेत होते, ते चार लोकांत म्हणाले, "एवढी मोठी गाडी, नि तीही डिझेलची? माल वाहायचाय की काय?"

आता यात हसण्यासारखं काय होतं? माल वाहायचाच होता! साखर कारखान्यांना पंप नि व्हॉल्व्ह पुरवायचे, बसवून द्यायचे, बिघडले की धावायचं, हा त्यांचा धंदा. गळीत हंगाम सुरू झाला की माणूस घरी दिसायचा नाही. आज सांगली, उद्या कोल्हापूर, परवा अकलूज. पहाटे किल्ली फिरवायची, तो ग्लो प्लगचा दिवा विझेपर्यंत थांबायचं, आणि मग तो आवाज... आमच्या घरी गजराचं घड्याळ कधी लागलंच नाही. दोन हजार सीसीला थोडंसं कमी असं ते इंजिन, पण गल्ली जागी करायला पुरेसं होतं.

आणि धूर! खोटं कशाला बोलू. हिवाळ्यात गाडी सुरू झाली की माझी दोरीवरची पांढरी चादर मी आधी आत घ्यायची. एकदा इस्टेटवाल्या वहिनींना तोंडावर बोलले मी, "तुमच्या गाडीने माझे पापड काळे झाले." वहिनी शांतपणे म्हणाल्या, "उद्यापासून दहा पावलं पुढे नेऊन सुरू करायला सांगते." आणि खरंच, दुसऱ्या दिवसापासून इस्टेटवाले आपले गाडी ढकलत कोपऱ्यापर्यंत! मलाच कसंसं झालं.

तर काय सांगत होते... हां, डिकी. अहो, ती डिकी म्हणजे गल्लीची सार्वजनिक मालमत्ता. मागची सीट पाडली की काय काय मावायचं त्यात! सोसायटीचा गणपती उभाच्या उभा त्यातून आला. वरच्या मजल्यावरच्या मुलीच्या लग्नाचं रुखवत, तो साखरेचा बंगला धरून, एका खेपेत कार्यालयात. कोल्हापूरहून येताना गुळाच्या ढेपी, साताऱ्याचे कंदी पेढे. आमच्या सासूबाईंची कंबर धरली होती तेव्हा त्यांना गादीसकट आडवं ठेवून दवाखान्यात नेलं. सासूबाई तशा अवस्थेतही म्हणाल्या, "गाडी ऐसपैस आहे हो." त्यांनी आयुष्यात दुसरं काही नावाजलेलं मला आठवत नाही.

मग २००४ साली टाटांनी इंडिगोची मरीना काढली. तशीच मागे लांब, पण ठेंगणी नि हलकी. इस्टेटवाल्यांनी दोन वर्षांनी घेतली आणि इस्टेट फलटणकडच्या कुणालातरी दिली. वहिनी त्या दिवशी जेवल्या नाहीत म्हणे. गाडी मरीना आली तरी नाव मात्र इस्टेटवालेच राहिलं. तेव्हा तिशीच्या आतली त्यांची लेक, ताई, इंजिनिअर झालेली, हळूहळू धंद्यात उतरली, आणि आता सगळं तीच बघते. हंगामात महिन्याला चार हजार किलोमीटर चालवते ती! लोकांनी काय कमी बोलून घेतलं? "बाईमाणूस, रात्रीबेरात्री कारखान्यावर, खंबाटकीच्या घाटात गाडी बंद पडली तर?" असं कोण म्हणालं ते सांगत नाही, पण समोरच राहतात. वहिनी फक्त म्हणाल्या, "गाडी बंद पडत नाही, तोंडं बंद पडत नाहीत."

अहो पण त्या वहिनींची वही बघायला हवी! सहकारी बँकेत हिशेबनीस होत्या ना. प्रत्येक वेळचं डिझेल, किती लिटर, किती किलोमीटर, ऑइल कधी बदललं, क्लच प्लेट कधी, इंजेक्टर कधी तपासले, सगळं निळ्या शाईत. साडेसहा लाखांच्या वर किलोमीटर झालेत म्हणे मरीनाचे. एकदा इंजिन उघडलं, तेही सांगून, वेळेवर. नाना पेठेत सुटे भाग मिळतात, मेस्त्री जुना आहे. ताई म्हणते, रोज लांब पळणाऱ्या डिझेलला झीज कमी. इंजिन एकदा तापलं की तासन्‌तास एका लयीत चालतं. झीज होते ती थंड इंजिनाला चार गल्ल्या पळवून परत बंद करणाऱ्यांची. हे बोलताना ती समोर बघत होती की नाही, ते मला नाही सांगता येणार...

आता समोरच्यांकडे येऊ. २०१२ च्या सुमाराला आठवतं का, पेट्रोल नि डिझेलमध्ये लिटरमागे तीस रुपयांचा फरक पडला होता? तेव्हा जो तो डिझेल गाडीच्या मागे. साहेबांच्या मनात तेव्हापासून किडा वळवळत होता. पण बँकेतला माणूस, निर्णय घेईपर्यंत २०१३ च्या जानेवारीपासून सरकारने महिन्याला पन्नास पन्नास पैसे वाढवायला सुरुवात केली, आणि २०१४ च्या ऑक्टोबरात डिझेलचे दरच मोकळे सोडले. फरक निम्म्याच्याही खाली आला. नंतर २०२० च्या एप्रिलात धुराचे ते बीएस-६ नियम आले, तर मारुतीने डिझेल गाड्या बनवणंच सोडून दिलं. म्हणजे सगळे उतरले, तेव्हा आमचे साहेब चढले! रिटायर झाल्यावर, फंड हातात आल्यावर, उंच डिझेल एसयूव्ही. कंपनीचं नाव घेत नाही, उगाच कशाला.

पेढे द्यायला आले होते दोघं. बाईसाहेब म्हणाल्या, "आम्ही म्हटलं, घ्यायची तर दणकट घ्यावी. नाहीतर काही लोक जुनी धुडं वर्षानुवर्षं ओढतात." वहिनी तिथेच होत्या! हातात पेढा. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघतेय, एक रेघ हलली नाही. त्यांनी विचारलं एवढंच, "महिन्याला किती पळेल हो?" साहेब म्हणाले, "पळायचंय कुठे, निवांत आहोत. दशभुजा गणपती, भाजी, कधी डेक्कन. असेल चारशेक किलोमीटर." वहिनींनी पेढा तोंडात टाकला नि म्हणाल्या, "छान आहे." पेढ्याबद्दल म्हणाल्या की काय, कळलं नाही.

पण घरी जाऊन त्यांनी हिशेब मांडला, मला दाखवला. डिझेल गाडी पेट्रोलपेक्षा सव्वा लाखाने महाग धरा. किलोमीटरमागे वाचणार अडीच रुपये. म्हणजे ५०,००० किलोमीटर पळाल्यावर पहिला रुपया सुटणार. ताईला वर्षसव्वा वर्ष पुरे. आणि साहेबांना? वर्षाला ४,८०० किलोमीटर... दहा वर्षांच्या वर! मी म्हटलं, "सांगू या का त्यांना?" वहिनी म्हणाल्या, "पेढे खाल्लेत आपण."

साहेब मात्र हवेत. "एआरएआयने वीसचा ॲव्हरेज दिलाय," म्हणून सगळ्यांना सांगायचे. अहो, एआरएआय काय परकी आहे का आपल्याला? गाड्या तपासणारी १९६६ पासूनची संस्था, या आपल्या वेताळ टेकडीवरच तर आहे, सकाळी फिरायला गेलं की फाटक दिसतं. देशभर ज्याचा डंका पिटतात तो आकडा आपल्या डोक्यावर ठरतो. ताईने सगळं उलगडून सांगितलं: गाडी रोलरवर उभी करतात, चाकं जागच्या जागी फिरतात, आणि ठरवून दिलेल्या वेगाने, ठरवून दिलेले थांबे घेत ती चालवतात. सगळ्या गाड्यांना एकच माप लागावं म्हणून. खोटं नाही त्यात काही. "पण काकू," म्हणाली, "रोलरवर पौड रोडचा सिग्नल नसतो." साहेबांना पडला किती? बाईसाहेबांच्या तोंडून एकदा निसटलं: अकरा.

आणि खरी गंमत तर पुढेच आहे. दिवा लागला!

कसला म्हणजे काय, तो डीपीएफचा! बीएस-६ मध्ये डिझेलच्या धुराड्यात एक गाळणी बसवतात. काजळी तिथे अडकते, माझ्या चादरीवर येत नाही; त्याबद्दल मी तरी सरकारला दुवाच देईन. पण अडकलेली काजळी जाळावी लागते. हायवेला वीस-पंचवीस मिनिटं एका वेगात गाडी गेली की धुराडं तापतं, काजळी जळते, चालवणाऱ्याला पत्तासुद्धा लागत नाही. आणि गाडी दशभुजाला जाऊन भाजी घेऊन परत आली तर? तापतच नाही हो ती! जाळायला सुरुवात होते न होते तोच साहेब किल्ली काढतात. मग गाळणी तुंबते, दिवा लागतो, गाडी जोर धरत नाही. वर ते अर्धवट जाळायला फवारलेलं डिझेल खाली इंजिन ऑइलात उतरतं. साहेबांच्या गाडीत ऑइल कमी व्हायच्या ऐवजी वाढलं होतं! बाईसाहेब पहिल्यांदा सगळ्यांना कौतुकाने सांगत होत्या, "आमच्या गाडीचं ऑइल वाढतं." ताई ऐकत होती, तिचा चेहरा... बिचारीने हसू कसं आवरलं असेल!

सर्व्हिसवाल्यांनी सांगितलं, काका, दर आठवड्याला लांब न्या. तेव्हापासून दर रविवारी सकाळी साहेब गाडीला फिरवून आणतात, लोक कुत्र्याला नेतात ना तसं. चांदणी चौकातून वर, वारजे, नवले पूल, कात्रजचा बोगदा, खेड-शिवापूर, टोल भरून यू-टर्न नि परत टोल. ना कुठे उतरणं, ना नारायणपूरचं दर्शन, ना मिसळ. बाईसाहेब मागे बसून स्वेटर विणतात. आणि एरवी डेक्कनला जायचं तर त्या वनाझहून मेट्रोने जातात, कारण पार्किंग मिळत नाही! म्हणजे गाडीचे चारशे होते तेही दोनशेवर आले.

हे एकीकडे. दुसरीकडे इस्टेटवाल्यांच्या मुलाचं माहितीये ना? तो जर्मनीत श्टुटगार्टला असतो. तिकडे म्हणे ज्याला त्याला अशीच मागे लांब डिझेल गाडी, मुलं, सायकली, कुत्रं, सगळं घालून साताठशे किलोमीटर सहज जातात. यानेही सेकंडहँड घेतली हौसेने. २०१५ च्या सप्टेंबरात त्या फोक्सवॅगनच्या धुराच्या चाचणीतली लबाडी अमेरिकेत उघडी पडली, तेव्हापासून तिकडे डिझेलची पत गेली. आणि २०१९ च्या जानेवारीपासून श्टुटगार्टने जुन्या, युरो-४ पर्यंतच्या डिझेल गाड्यांना शहरात मज्जाव केला. याची नेमकी तीच! व्हिडिओ कॉलवर तोंड पाडून सांगत होता. तर इस्टेटवाले काय म्हणाले असतील? "अरे, तुझी नि माझी जात एकच. मी अजून कर्वे रोडवर आहे." पोराचा चेहरा पडलेला मी पाहिला, मी तिथेच होते, कोथिंबीर मागायला गेले होते.

पण वहिनी त्या रात्री गप्प होत्या. म्हणाल्या, "दिल्लीत असतो तर आपलीही कधीच गेली असती. तिथे दहा वर्षांपुढच्या डिझेलवर हरित लवादाने २०१५ सालीच बंदी घातली. आपल्याकडेही आज ना उद्या विचारतीलच, आणि विचारलं तर चूक नाही त्यांची." तेव्हा मला वाटलं, आता मरीना जाणार.

आणि तशी बोलणी सुरूही झाली होती! ताईने शोध घेतला. पण मिळायला तर हवी ना? मरीना बंद झाल्यावर तसली गाडी आपल्या ऐपतीत कोणी विकतच नाही. व्होल्व्होने २०१७ साली एक आणली होती, साठ लाखांची. दुसऱ्या वर्षी मर्सिडीजने, पंच्याहत्तर लाखांची. "त्यात पंपाचं खोकं ठेवायचं की खोक्यात गाडी?" असं इस्टेटवाले म्हणाले. लोकांना उंच गाडी हवी, मागे लांब दिसली की त्यांना मालगाडी वाटते.

तर काय सांगत होते... गेल्या शनिवारी. साहेबांना कुठून तरी कळलं की ताई डिझेल शोधतेय. इस्त्रीचा शर्ट घालून आले हो फाटकातून! मागून बाईसाहेब. "ताई, तुझं रनिंग आहे. आमची तीन वर्षांची, नवीच म्हण. पंधरा हजारसुद्धा झाले नाहीत. घरच्यांना जरा कमीत देऊ." घरच्यांना! जुनी धुडं म्हणणाऱ्या बाईसाहेब मान हलवत होत्या.

ताई शहाणी. नाही म्हणाली नाही. "बघते ना काका," म्हणाली, आणि गेली समोर. बॉनेट उघडलं, ऑइलची पट्टी काढली, बोटावर घेऊन वास घेतला. साहेब म्हणाले, "परवाच बदललंय." ताई म्हणाली, "हो का." मग म्हणाली, "काका, गाळणी साफ होईल, माझ्याकडे आठ दिवसांत ही सुधारेल. गाडीत खोट नाही, तिला काम नाही." साहेबांचा चेहरा असा खुलला! बाईसाहेब चहा टाकायला वळल्यासुद्धा.

तेवढ्यात ताईने हाक मारली, कामावरचा मुलगा ते पंपाचं लाकडी खोकं घेऊन आला. नेहमी कारखान्यांवर जातं ते, सव्वाचार फुटी. मागचा दरवाजा उघडला. पहिलं म्हणजे डिकीचा काठ हा एवढा छातीपाशी, दोघांना धरून खोकं वर चढवावं लागलं. मरीनाला कसं, गुडघ्याएवढ्या उंचीवर टेकवलं की सरकतं आत. मग सीट पाडली, तर तिथे पायरी. खोकं तिरकं झालं. आणि मागची काच इतकी उतरती की दरवाजा लागेचना! साहेब म्हणाले, "थोडं आडवं केलं तर?" केलं. नाही. "उभं?" नाही. एव्हाना गल्लीतल्या सगळ्या गॅलऱ्या भरल्या होत्या. ताईने टेप काढला, मोजलं, आणि मऊ आवाजात म्हणाली, "काका, चार इंच कमी पडतंय." चार इंच! साहेब खोक्याकडे बघतायत, बाईसाहेब आमच्याकडे बघतायत, आणि आम्ही सगळ्या एकदम आपापल्या कुंड्यांकडे.

त्याच संध्याकाळी ठरलं. मरीनाचं पासिंग परत करायचं. २०२१ साली सहाशे रुपये फी होती, पुढच्या वर्षी पंधरा वर्षांपुढच्यांना ती पाच हजार झाली, आणि २०२५ च्या ऑगस्टपासून वीस वर्षं झालेल्यांना दहा हजार. वर पर्यावरण कर, पीयूसी. नवी नंबरप्लेट मात्र आधीच बसवून झालीये. वहिनींनी वहीत लिहून टाकलं. मी म्हटलं, "दहा हजार जास्त नाही वाटत?" म्हणाल्या, "हंगामात ताईची महिनाभर गाडी चालली की वसूल. धुराचं मात्र या खेपेला काटेकोर बघायचंय, नोझल सगळे नवे घालायला सांगितलेत. तुमची चादर आहे ना." बघा! तेवढं लक्षात आहे त्यांच्या.

आणि ऐका, आता आजचं सांगते, अगदी ताजं. समोरच्यांच्या मुलीचं लग्न ठरलंय ना, कऱ्हाडला? बाईसाहेबांनी रुखवत केलंय, लाकडी झोपाळा काय, चार फुटी विठ्ठल काय. कशात नेणार? त्यांच्या गाडीत तर खोकं मावलं नाही हे उभ्या गल्लीने पाहिलंय. सकाळी झाकलेली वाटी घेऊन आल्या वहिनींकडे. शिरा. केशर घालून! इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर हळूच, "मरीना मोकळी असेल का हो त्या दिवशी?"

मी श्वास रोखून बसले होते. वहिनींनी वाटी ठेवून घेतली, चमचाभर शिरा खाल्ला, आणि म्हणाल्या, "नेऊ की, त्यात काय! ताई स्वतः चालवेल. आणि तुमची गाडी मागोमाग येऊ दे, कऱ्हाडपर्यंत. तेवढाच तिचा दिवा विझेल."